सूर्यास्त दुपारी तीनला असेल तर?



बारावीनंतर मुलं परदेशी जायची म्हणजे अमेरिका किंवा इंग्लंड, असं आपण ऐकत आलो. आमच्या नातीने मात्र यंदा फिनलंड आणि स्वीडन ही दोन नावं पुढे ठेवली. तिला रात्रिभोजनत्यागाचा नियम आहे. कुणी लादलेला नाही, अकराव्या वर्षी दशलक्षण पर्वात तिने आपणहून घेतला आणि सहलीत, लग्नकार्यात, क्लासच्या दिवसांतही पाळला. त्यामुळे घरात फीची चर्चा सुरू झाली तेव्हा माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न होता: तिकडे सूर्य मावळतो कधी?

आधी पैशांचं सांगते, बी.कॉम.ची सवय अजून जात नाही. वहीत दोन रकाने आखले. युरोपबाहेरच्या मुलांना स्वीडनने २०११ पासून आणि फिनलंडने २०१७ पासून फी लावली. म्हणजे 'तिकडे शिक्षण फुकट' हे आता आपल्या मुलांसाठी खरं नाही. शिवाय राहण्या-जेवणाचे पैसे आहेत हे दाखवावं लागतं. फिनलंडला महिना ८०० युरो, युरो शंभर रुपये धरला तरी वर्षाचे ९ लाख ६० हजार. स्वीडनला महिना साडेदहा हजार क्रोनांच्या आसपास, म्हणजे त्याहून थोडे जास्तच. बारावीनंतर लगेच इंग्रजीतून पदवी करायची सोय फिनलंडमध्ये जास्त आहे. स्वीडनमध्ये इंग्रजी अभ्यासक्रम बरेच असले तरी बहुतेक पदवीनंतरचे. फिनलंडमध्ये शिकताना आठवड्याला सरासरी ३० तास काम करता येतं आणि पदवीनंतर नोकरी शोधायला दोन वर्षं मिळतात. पैशाच्या पानावर फिनलंड पुढे.

मग मी दुसरं पान उघडलं. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सूर्यास्ताच्या वेळेत तासाभराचा फरक पडतो. त्या अंदाजावरच आपली चूल चालते. तिकडचं गणित निराळं. २२ डिसेंबरच्या सुमारास हेलसिंकीत सूर्य साडेनऊच्या आत उगवतो आणि सव्वातीनला मावळतो. नातीच्या आवडीचा अभ्यासक्रम होता ओउलू या उत्तरेकडच्या शहरात. तिथे सूर्य साडेदहाला उगवून दोन वाजून गेले की मावळतो. आपण उगवल्यानंतरच्या आणि मावळण्याआधीच्या दोन-दोन घटका सोडतो, म्हणजे दोन्हीकडून ४८ मिनिटं. ती वजा केली तर ओउलूत जेवायला राहतात जेमतेम दोन तास, हेलसिंकीत सव्वाचार. स्वीडनच्या दक्षिण टोकाला लुंड आहे, तिथे साडेपाच तासांच्या आसपास.

इथे माझा कौल स्वीडनकडे झुकायला लागला होता. पण नातीने नकाशा दाखवला. स्वीडनमध्येच लुलेओ नावाचं विद्यापीठाचं शहर आहे, तिथे डिसेंबरात दुपारी एकच्या सुमारास सूर्य मावळतो. उलट स्वीडनचं उप्साला आणि फिनलंडचं हेलसिंकी जवळजवळ एकाच अक्षांशावर. म्हणजे देशांची तुलना आपल्या कामाची नाही, गावांची करायला हवी. ज्यांच्या घरी हा विषय निघेल त्यांनी देशाच्या आधी गाव विचारावं आणि त्या गावाची २२ डिसेंबरची वेळ बघावी.

उन्हाळ्यातही प्रश्न आहेच. जूनमध्ये हेलसिंकीत सूर्य रात्री पावणेअकराला मावळतो. उजेड आहे म्हणून दहाला जेवायचं का? जीवहिंसा टाळणं हे या व्रताचं मूळ, पण जिभेला आवर हाही त्यात आहेच. नातीने ठरवलं, उन्हाळ्यात घड्याळ सात दाखवेल तिथे पान संपलं. दशलक्षणाची तेवढी काळजी नाही. सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र तिकडेही आपल्यासारखेच असतात.

चातुर्मासाला आमच्या गावी माताजी होत्या, त्यांच्यापुढे विषय ठेवला. त्यांनी नातीलाच विचारलं, "बाळ, तुझा हा नियम आहे की यम?" समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात हा भेद सांगितला आहे. ठरावीक काळासाठी घेतो तो नियम, जन्मभरासाठी घेतो तो यम. नात म्हणाली, "नियम. दर वर्षी पुन्हा घेते." माताजी म्हणाल्या, "मग झेपेल तेवढाच घे, पण घेतलास की मोडू नकोस." तिने पुढच्या वर्षापासून आजारपणात औषध आणि पाणी यांची सूट ठेवून नियम घ्यायचं ठरवलं. आणि घरी येऊन यादीतून ओउलू खोडलं.

सून चिडली. "जेवणाच्या वेळेवरून कोणी करिअर ठरवतं का?" तिचा प्रश्न खोटा नाही. त्या शहराचं वायरलेस तंत्रज्ञानात नाव आहे आणि पोरीच्या मनात तेच होतं. मी नातीला म्हटलं, माझ्याकडे बघून खोडू नकोस, मी काही चार वर्षं तुझ्यासोबत राहणार नाही. ती म्हणाली, "आजी, दोन तासांत दोन्ही वेळचं जेवण उरकायचं आणि अंधारात उपाशी अभ्यास करायचा, हे मला जमणार नाही. नियम सोडून तिथे गेले तर तेही जमणार नाही." यावर मी गप्प बसले. सून अजून पुरती पटलेली नाही, पण तिने फॉर्म भरायला बसून मदत केली.

दोन्हीकडचे अर्ज जानेवारीत. फिनलंडच्या एकत्रित अर्जात सहा अभ्यासक्रम देता येतात, स्वीडनच्या पदवीसाठी आठ. तिने दोन्ही भरले, सगळी दक्षिणेकडची गावं.

एक गोष्ट आपल्या सोयीची निघाली. तिकडची माणसं अकराच्या सुमारास दुपारचं आणि पाचच्या सुमारास संध्याकाळचं जेवतात, त्यामुळे लवकर जेवणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही. कंदमुळांचं मात्र कठीण. बटाटा दोन्ही देशांचं रोजचं अन्न. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात होता आणि आजही तिथे स्वीडिश ही दुसरी राजभाषा आहे, म्हणून वेष्टनांवर दोन्ही भाषा असतात. स्वीडिश शब्द शिकले की दोन्हीकडे चालतात. कांद्याला तिकडे 'ल्योक' म्हणतात. आमच्याकडे ल्योक म्हणजे मुलगा, त्यामुळे हा शब्द मी एका दिवसात पाठ केला. लसूण 'वीटल्योक', अंडं 'एग'. फिन्निशमधला 'लीवाते' म्हणजे जिलेटिन, तो दह्यात आणि गोळ्या-चॉकलेटात बघायचा. चीज घेताना रेनेट प्राण्याचं नाही ना, हे विचारायचं.

निकाल उन्हाळ्यापर्यंत लागतील. तोवर आमच्याकडे रविवारी सराव चालू आहे: सकाळी साडेदहाला पोटभर जेवण, दुपारी सव्वादोनला डबा, पुढे काही नाही. पहिल्या रविवारी संध्याकाळी सातला तिला भूक लागली, तिसऱ्या रविवारी लागली नाही. सूनबाई डब्याची यादी करतेय: मूगडाळ, मटार, पनीर, मेथीचे ठेपले. यादीत अजून काय घालता येईल, ते तुम्हीही सुचवा.

जय जिनेन्द्र.