टर्मिनल ज्याचं, रंग त्याचे

संगणकातल्या एखाद्या दुर्लक्षित गोष्टीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा एक ताजं प्रकरण माझ्या डोक्यात घोळत होतं. एका संस्थेत रात्रीचा बॅकअप रोज अर्धवट राहत होता. प्रोग्राम तशी सूचना न चुकता छापत होता, पण फिकट पिवळ्या अक्षरांत. तिथल्या ऑपरेटर बाईंना डोळ्यांच्या त्रासामुळे काळा पडदा सोसत नाही, म्हणून त्यांचं टर्मिनल पांढरं असतं. पांढऱ्यावर फिकं पिवळं दिसणार कसं? ठपका मात्र बाईंवर आला. सूचना वाचत नाहीत म्हणे!

टर्मिनल म्हटलं की लोकांना सिनेमातला काळा पडदा आणि सरसर धावणारी हिरवी अक्षरं आठवतात. ही समजूत मला खटकते. सर्व्हर सांभाळणारी कितीतरी माणसं दिवसभर त्याच चौकटीत काम करतात, आणि अक्षराचा आकार, पार्श्वभूमी, रंग आपापल्या डोळ्यांना बेतून घेतात. लाल-हिरव्यातला फरक न कळणारेही त्यांत असतात.

आता थोडं आतलं. टर्मिनलकडे मुळात रंग जात नाही, क्रमांक जातो. एस्केप, चौकटी कंस, ३१ आणि ‘एम’ हे अक्षर एवढं पाठवलं की पुढचा मजकूर लाल होतो. ३० ते ३७ हे मूळ आठ रंग, ९० ते ९७ ही त्यांची उजळ रूपं. पण लाल म्हणजे नेमका कोणता लाल, हे टर्मिनलच्या सेटिंगमध्ये ठरतं, म्हणजे वापरणारा ठरवतो. प्रोग्रामने अर्थ सांगायचा, छटा माणसाने निवडायची. आमच्या क्षेत्रातल्या इतक्या शहाण्या व्यवस्था मी फार पाहिलेल्या नाहीत. पुढे २५६ रंग आले. त्यांतले पहिले १६ तेवढे आपल्या निवडीप्रमाणे बदलतात. २१६ रंग आणि २४ करड्या छटा सहसा ठरलेल्याच. मग लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण ० ते २५५ या आकड्यांत थेट सांगायची सोय झाली, आणि प्रोग्रामर स्वतःच्या पडद्यावर जे छान दिसतं ते सगळ्यांवर लादू लागले. त्या बॅकअपवाल्या प्रोग्रामने हेच केलं होतं.

इथे आमच्यातला जुना वाद येतो. ईथन शूनोव्हर यांनी २०११ मध्ये सोलराइज्ड नावाची रंगसंगती काढली. तिच्यात उजळ रंगांच्या आठ जागांपैकी बहुतेक जागा करड्या छटांना आणि पार्श्वभूमीच्या रंगांना दिलेल्या आहेत. त्यामुळे प्रोग्रामने ९२ पाठवला, म्हणजे उजळ हिरवा मागितला, तर मिळतो मळकट करडा. ९० पाठवला तर गडद पडद्यावर अक्षरं पार्श्वभूमीच्याच रंगाची होतात, म्हणजे दिसतच नाहीत. माझे कितीतरी सहकारी म्हणतात, दोष सोलराइज्डचा, तिने ठरलेल्या जागा बळकावल्या. तांत्रिकदृष्ट्या त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी मला ते पटत नाही. ज्याने ही रंगसंगती विचारपूर्वक निवडली त्याला सूचना दिसणार नसेल, तर प्रोग्राम बरोबर असून उपयोग काय? उजळ रंगांच्या वाटेला न जाता मूळ आठांतले मोजके रंग घ्यावेत, साधा मजकूर टर्मिनलच्या स्वतःच्या रंगात सोडावा, आणि चूक कळवणाऱ्या सूचनेआधी ‘एरर’ हा शब्द छापावाच. रंग गेला तरी शब्द उरतो.

बाकीच्या गोष्टी तर अगदी सोप्या. आउटपुट टर्मिनलवर जातंय की फाइलमध्ये, हे ‘इझॅटी’ हे एक फंक्शन सांगतं. ते न विचारणाऱ्या प्रोग्रामांमुळे लॉग फाइली ‘३१एम’सारख्या कचऱ्याने भरतात. ‘नो कलर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा संकेत २०१७ पासून आहे: ते रिकामं नसेल तर रंग घालायचे नाहीत. तपासायला एक ओळ पुरते. संपादनासाठी कुठला एडिटर उघडायचा, हेही असंच आधी सांगून ठेवता येतं. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट ते निमूट पाळतं.

बॅकअपच्या प्रोग्रामबद्दल मी कंपनीला सविस्तर लिहिलं. पुढच्या आवृत्तीत रंग बदलायला वेगळी कॉन्फिग फाइल देऊ, असं उत्तर आलं. बाईंनी आपली निवड टर्मिनलमध्ये एकदा सांगितलेली आहे. प्रत्येक प्रोग्रामच्या फाइलीत ती पुन्हा का सांगायची? तसं मी परत कळवलं आहे. तोवर बाईंच्या मशीनवर आउटपुट फाइलमध्ये वळवून, रंगांचे क्रमांक गाळून ते दाखवणारी छोटी स्क्रिप्ट मी बसवून दिली आहे.