घरचा कोनाडा

विंडोजवर बहुतेक प्रोग्रॅमचे आपापले वेगळे बिऱ्हाड असते. लिनक्समध्ये एकत्र कुटुंब! चालवायच्या फायली एका खोलीत, लायब्रऱ्या दुसरीत, माहितीपत्रके तिसरीत. मग कोणाचे काय, हे कळावे कसे?

डेबियनसारख्या वितरणाचे तयार पॅकेज घेतले तर त्याच्या बहुतेक फायली ‘/यूएसआर’मध्ये जातात आणि पॅकेज मॅनेजर त्यांची नोंद ठेवतो. मूळ कोड आणून स्वतः बांधलेल्या सॉफ्टवेअरची त्याच्याकडे नोंदच नसते. त्यासाठी वेगळा कोनाडा आहे, ‘/यूएसआर/लोकल’. फाइलरचनेचे लेखी संकेत १९९४ मध्ये आले. प्रणाली अद्ययावत होताना या कोनाड्याला हात लावायचा नाही, असा त्यातला दंडक.

घरचे सॉफ्टवेअर ‘/यूएसआर/बिन’मध्ये घुसवले, तर पुढे त्याच नावाची पॅकेजमधली फाइल मुकाट्याने त्याच्यावर बसते. मुलांचा प्रकल्प अडतो आणि बोल लागतो लिनक्सला.

कोनाड्यातही सगळे आलबेल नसते. सुरक्षेच्या दुरुस्त्या पॅकेजांना मिळत राहतात. इथल्या प्रोग्रॅमना कुणी वाली नाही. शिवाय आज्ञा शोधताना बहुधा हीच जागा आधी पाहिली जाते, त्यामुळे नवी आवृत्ती आणूनही इथली जुनीच चालते.

गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेतले सहायक निवृत्त झाले. मागे वही नाही, यादी नाही. पण माणूस शिस्तीचा. त्यांच्या कोनाड्यात तीनच प्रोग्रॅम निघाले. दोघांची पॅकेजे मिळाली, ते काढून टाकले. तिसरा लंबकाच्या प्रयोगासाठी त्यांनी स्वतः लिहिलेला. तो कुठल्याच भांडारात मिळणार नाही. त्याच्या दोन प्रती काढून ठेवल्या आहेत.