परसातली मासोळी आणि घरातली मीठमिरची

कापसाच्या घरात पैसा वर्षातून एकदाच येतो आणि आल्या पावली दुकानदाराच्या नाही तर बँकेच्या दारी जातो, हे तुम्हाला सांगायला नको. मृगापासून दिवाळीपर्यंत हात कोरडाच असतो. मुलांच्या वह्या, एसटीचा पास, औषधपाणी या गोष्टी मात्र वेचणीची वाट पाहत थांबत नाहीत. म्हणून परसात कोणी कोंबड्या पाळते, कोणी शेळी. मी मासे पाळते. खायचे नव्हेत, काचेच्या पेटीत ठेवून पाहायचे.

आमचे गाव देवळी तालुक्यात. धाकट्या मुलाने वर्ध्याहून गप्पी माशांच्या दोन जोड्या आणल्या, तेव्हा सासूबाईंनी भुवई चढवली. त्या माळकरी. म्हणाल्या, "जीव विकून मीठमिरची आणायची का गं?" मी म्हटले, "आत्याबाई, आपण गोऱ्हा विकतो तेव्हा तो कोणाच्या दावणीला जातो हे पाहूनच विकतो ना? तसेच हे." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं तर. पण आजारी मासा विकायचा नाही, अन् उपाशी ठेवायचा नाही." तोच आमच्या धंद्याचा कायदा झाला.

गप्पी हा मासा मूळ दक्षिण अमेरिकेकडचा. १८६६ साली ट्रिनिदाद बेटावरून रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थाने त्याचे नमुने लंडनच्या संग्रहालयाला पाठवले, त्यावरून हे नाव पडले. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही सारी पिल्ले देणारी मंडळी. अंडी बाहेर टाकत नाहीत. यांना थोडे जड पाणी मानवते. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरीचे पाणी, ज्यात डाळ लवकर शिजत नाही, तेच यांच्या पथ्यावर पडते. पाणी नळाचे असेल तर एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे त्यातले औषध उडून जाते.

काचेची पेटी असलीच पाहिजे असे नाही. सिमेंटचे टाके, जुनी नांद, प्लॅस्टिकचा टब, काहीही चालते. टाके नवे असेल तर पाणी भरावे, काही दिवसांनी सोडून द्यावे, पुन्हा भरावे. असे दोन-तीन आठवडे करून सिमेंटचा कडकपणा गेल्यावरच मासे सोडावेत. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा टाके निंबाच्या सावलीत, अर्धे जमिनीत पुरलेले आणि वर ओले बारदान घातलेले असावे.

नर लहान, रंगीत, पिसाऱ्यासारख्या शेपटीचा. मादी मोठी आणि फिकट, तिच्या पोटामागे काळसर डाग असतो. मादी साधारण चार आठवड्यांनी वीस-तीस, कधी त्याहूनही जास्त पिल्ले देते. एकदा नराशी संग झाला की पुढची कित्येक वेते ती नराशिवायही देते. पण आईच पिल्ले गिळते! म्हणून पाण्यात हायड्रिलाचा दाट पुंजका सोडावा, पिल्ले त्यात लपतात. मग चहाच्या गाळणीने उचलून वेगळी करावीत. खाऊ घरचाच : शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा बारीक करून, पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, तोही चिमटीभर. पाच मिनिटांत संपेल एवढेच टाकावे. उरलेले अन्न कुजते आणि पाणी मारते. आठवड्याला एकतृतीयांश पाणी बदलावे. काढलेले पाणी वांग्या-मिरचीला घालावे. रोपे खूश होतात.

आता खरी गोष्ट सांगते. पिल्ले होणे सोपे, विकणे अवघड. दहा माद्यांची महिन्याला दोन-अडीचशे पिल्ले होतात. त्यांतली निम्मी जगली तरी शंभरावर. साधा गप्पी सगळ्यांकडेच निपजतो, म्हणून त्याला भाव नाही. देशातला रंगीत माशांचा मोठा व्यापार कोलकाता आणि चेन्नईचा कोळत्तूर भाग येथून चालतो, आणि तिकडचा माल दूरवर पोचतो. त्याच्याशी संख्येने टक्कर घेणे आपले काम नव्हे. दुकानदाराला एका रंगाचे, एका मापाचे नर हवे असतात. म्हणून आधी दुकानात जाऊन काय कमी पडते ते विचारावे, मग टाके भरावे. आम्ही एकच लाल जात धरली. महिन्या-सव्वामहिन्याची पिल्ले झाली की नर-मादी वेगळी करतो, नाही तर जात बिघडते.

आणि रक्त बदलावे लागते. आर्वी-कारंजाकडचे गवळाऊ जनावर राखणारे जुने कास्तकार एकच वळू पिढ्यान्‌पिढ्या फिरवत नसत. माशाचेही तेच. घरातल्या घरात पैदास होत राहिली की पाठीला बाक येतो, शेपटी आखूड होते. म्हणून दुसऱ्या पाळणाऱ्याशी नरांची अदलाबदल करतो, जशी आपण बियाण्याची करतो. यात पैसा फिरत नाही, पण धंदा त्यावरच उभा असतो.

नागपूरला माल न्यायचा तर आदल्या दिवशी माशांना खायला देत नाही. पोट भरलेला मासा पिशवीतले पाणी घाण करतो आणि वाटेत गुदमरतो. हे सासूबाईंच्या कायद्यात बसेना. मग त्यांनीच तोड काढली : "असू दे, त्यांची ती एकादशी." पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, आणि पहाटेची गाडी.

एक हात जोडून विनंती. उरलेले मासे धाम नदीत, बोरच्या धरणात किंवा गावच्या बोडीत सोडू नका. परका मासा आपल्या देशी माशांची अंडी-पिल्ले खातो, आणि त्यावर पोट असणाऱ्या भोई बांधवांचे नुकसान होते. उरलेले गप्पी गावातल्या बंदिस्त टाक्यांना द्या, ते डासांच्या अळ्या खातात. गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९८३ पासून हिवतापाविरुद्ध जे काम झाले, त्यात गप्पीचा उपयोग केला होता.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटला तीन लाखांचा खर्च धरून सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवले होते. सध्या काय नियम आहेत ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. पण माझे ऐकाल तर आधी दोन टबांवर वर्षभर हात बसवा, मगच कर्जाचा कागद हातात घ्या.

या धंद्याने आमचे कर्ज फिटले नाही, ते कापसानेच फिटायचे. पण श्रावण-भाद्रपदात मुलीच्या पासासाठी मला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. भगिनींनो, ज्या घरात तो हात पसरावा लागतो, तेथे याचे मोल किती, हे तुम्हीच जाणता.