फुकटच्या खेळाची किंमत

मोबाईलच्या खेळांचा विषय निघाला की पालकांत एकच सूर लागतो : मोबाईलने पोरं बिघडवली. पोरांचे काय व्हायचे ते आपण रोज पाहतो. पण त्या खेळामागे जो धंदा उभा आहे, त्याची चर्चा आपल्या घरात होत नाही. समाजबांधवांनी हा धंदा समजून घ्यावा, म्हणून हे लिहीत आहोत.

मागच्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही चार-पाच पालकांनी विहारात मुलांना बोलते केले. आमच्यातल्या एक भगिनी चार घरची धुणीभांडी करतात. त्यांच्या खात्यातून तीन वेळा मिळून साडेआठशे रुपये गेले होते. मुलाने खेळातल्या शिपायासाठी जाकीट घेतले होते. खेळ तर फुकटचा! "मग जाकीट कशाला रे?" असे त्यांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "आई, साध्या कपड्यात गेलो की सगळे भिकारी म्हणतात. टीममध्ये कोणी घेत नाही."

क्षणभर कोणी बोलले नाही. कपड्यावरून माणसाची पायरी ठरवण्याची रीत आपल्या आज्या-पणज्यांनी भोगली आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी माता-भगिनींना सांगितले होते की, अस्पृश्यतेची खूण पटवणारा पेहराव आणि दागिने टाकून द्या. इथे कंपनी आधी लेकराच्या अंगावर कमीपणाचा कपडा घालते आणि मग तो उतरवण्याचे पैसे मागते. हे आपल्याकडेच घडते असे नाही. फोर्टनाइट हा खेळ खेळणाऱ्या अमेरिकेतल्या शाळकरी मुलांतही फुकटचा पोशाख ठेवणाऱ्याला 'डिफॉल्ट' म्हणून हिणवत असत. आमच्या मोठ्या मुलांनी त्याच दिवशी ठरवले की, साध्या कपड्यातल्या मुलाला टीममध्ये आधी घ्यायचे. आम्हा मोठ्यांना हे सुचले नव्हते.

धंद्याची रीतही मुलांनीच समजावली. खेळात रुपये चालत नाहीत. आधी रुपये देऊन हिरे किंवा नाणी घ्यायची. त्यामुळे वस्तू कितीला पडली याचा हिशेब राहत नाही. हवी ती वस्तू जेवढ्या हिऱ्यांची, नेमक्या तेवढ्याचे पाकीट सहसा मिळत नाही. थोडे हिरे उरतात आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा घेतले जातात. काही खेळांत बंद पेटी असते, तिला 'लूट बॉक्स' म्हणतात. आत काय आहे ते पैसे भरल्यावरच कळते. ज्यांनी मटक्यापायी घरे बसलेली पाहिली आहेत, त्यांना यावर अधिक सांगायला नको. फुकटच्या खेळात बहुतेक जण पैसाही देत नाहीत. थोडे जण फार देतात आणि त्यांच्यावर धंदा चालतो. अशा गिऱ्हाइकाला या धंद्यात 'व्हेल', म्हणजे देवमासा, म्हणतात.

कोणी म्हणेल, खेळ बनवायला खर्च येत नाही का? येतो. मोठ्या खेळासाठी शेकडो कामगार वर्षानुवर्षे राबतात. त्यांच्या कष्टाचे दाम मिळालेच पाहिजे. अमेरिकेत मोठ्या खेळाची किंमत 2005 च्या सुमारास 60 डॉलर झाली आणि 2020 पासून 70 डॉलरकडे सरकली. खेळणारे त्यावरही कुरकुरतात. पण ती किंमत उघड आहे, परवडत नसेल तर माणूस घेत नाही. जास्त संताप आहे तो पूर्ण किंमत घेऊन आत पुन्हा गल्ला मांडण्यावर.

नोव्हेंबर 2017 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीच्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2' या खेळावरून असेच झाले. 60 डॉलर भरूनही त्यातले एखादे नावाजलेले पात्र मिळवायला सुमारे 40 तास खेळावे लागेल, असा हिशेब खेळाडूंनी मांडला. पैसे भरून पेट्या घेण्याची वाट मात्र उघडी होती. कंपनीने खुलासा केला, त्यावर साडेसहा लाखांहून अधिक नापसंतीचे शेरे पडले. मग कंपनीने त्या पात्रांचा भाव 75 टक्क्यांनी उतरवला आणि खेळ बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी आतली विक्री थांबवली. पुढच्या वर्षी विक्री परत आली, ती फक्त दिसण्याच्या वस्तूंची.

त्यानंतर सरकारेही जागी झाली. एप्रिल 2018 मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही खेळांतल्या पेट्या जुगार ठरवल्या. फोर्टनाइटमध्ये एकच बटण चुकून दाबले गेले तरी पैसे कापले जातात, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. डिसेंबर 2022 च्या तडजोडीत एपिक गेम्स कंपनीने गिऱ्हाइकांना परत देण्यासाठी 24 कोटी 50 लाख डॉलर भरण्याचे मान्य केले.

विकलेला खेळ पुढे बंदही पाडता येतो. युबिसॉफ्ट कंपनीने 2014 मध्ये बाजारात आणलेला 'द क्रू' हा खेळ 31 मार्च 2024 रोजी तिने सर्व्हर बंद करताच चालेनासा झाला. ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या हाती काही उरले नाही. आम्ही तुम्हाला फक्त वापराचा परवाना दिला होता, असे अशा वेळी कंपन्या सांगतात. न दिलेले घेऊ नये, हे पंचशीलातले दुसरे शील आपण लहानपणापासून म्हणतो. किंमत घेऊन दिलेली वस्तू काढून घेणे आमच्या मते त्या शीलाचा भंगच आहे. याविरुद्ध रॉस स्कॉट या खेळाडूने मोहीम उभारली आणि जुलै 2025 मध्ये युरोपात तिच्या सह्यांनी 10 लाखांचा आकडा ओलांडला.

हे सह्या करणारे कोणी धनिक नव्हते. एकेकट्याची तक्रार कंपनीने ऐकली नसती. ते एकत्र आले म्हणून ऐकावे लागले. संघटनेचे बळ आपल्याला नव्याने शिकवायला नको.

आपल्याकडे गिऱ्हाइकाला फसवून खरेदी करायला लावणाऱ्या मांडणीविरुद्ध केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. पण तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांसाठी आहे. जाकीट विकणारा खेळ त्यामुळे बंद होत नाही. तेव्हा घरातच सावध राहिले पाहिजे. मोबाईलवरच्या खरेदीला पासवर्ड लावावा. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. पैसे गेलेच तर मुलाला बडवण्याआधी पावती शोधावी, परतावा मागावा आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आणि मुलांबरोबर बसून एकदा हिशेब करावा : हे जाकीट आईच्या किती दिवसांच्या मजुरीचे आहे? हिशेब कळला की मुले स्वतः विचार करतात, असा आमचा अनुभव आहे.

जयभीम!