ओल

माझ्या परसात आठ फूट लांब आणि आठ फूट रुंद अशी एक खोली आहे. गावात तिला निरनिराळी नावे आहेत. शेजारच्या काकू तिला 'गुरुजींचे खुराडे' म्हणतात, पोस्टमन 'कोठार' म्हणतो, आणि शाळेतली मुले 'तारेघर' म्हणतात. मी स्वतः तिला वेधशाळा म्हणतो. पण ते मनातल्या मनात. जिचे छप्पर दोन पोरांनी खांदा दिल्याशिवाय सरकत नाही आणि जिच्या एका कोपऱ्यावरचा सरपणाचा हक्क सौ.ने अद्याप सोडलेला नाही, त्या वास्तूला एवढे भारदस्त नाव चारचौघांत द्यायला जीभ धजत नाही.

आमचा मुलूख मेहकर-लोणारच्या बाजूचा. इथल्या माणसाला आकाशाची ओळख मुद्दाम करून द्यावी लागत नाही. आकाशातून एक धोंडा आला आणि आमच्या जिल्ह्याच्या काळ्या कातळात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडून गेला. त्याला किती काळ लोटला यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. मुलांची सहल लोणारला नेली, की काठावर उभा राहून कुणीतरी हमखास विचारतो, "गुरुजी, आणखी एखादा पडंल का?" आणि त्या रात्री वर्गातली निम्मी पोरे अंगणात मान वर करून उभी असतात.

असेच मान वर करून उभे राहणारे एक पोर आठ-दहा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होते. दुर्बीण विकत घेण्याची ऐपत त्याची नव्हती, माझीही नव्हती. तेव्हा आम्ही आरसा घासायला बसलो. सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचा एकीवर एक ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचे, आणि घासत राहायचे. वरची काच हळूहळू खोलगट होते आणि खालची फुगीर. मग बारीक पूड, त्याहून बारीक पूड, आणि शेवटी राळेच्या थरावर झिलई. दोन हिवाळ्यांचे रविवार त्यात गेले. शहरात नेऊन काचेवर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आणला. हा मुलामा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, म्हणजे नसल्यासारखाच. पण सारी दुर्बीण त्या नसल्यासारख्या थरावर उभी असते. चार फुटांच्या नळीत तो आरसा बसवून आम्ही शनीचे कडे पाहिले, त्या रात्री ते पोर एक शब्दही बोलले नाही. पुढे ते पुण्याकडे कारखान्यात नोकरीला लागले. एस.टी.त चढताना म्हणाले, "गुरुजी, आरसा सांभाळजा."

आरसा सांभाळण्यासाठी मी खोली बांधली. एप्रिल-मे महिन्यांत बांधली. आणि तीच चूक झाली. वैशाखात घर बांधणाऱ्या माणसाला एकच शत्रू दिसतो, तो म्हणजे ऊन. पत्र्याच्या चार भिंती, पत्र्याचेच सरकते छप्पर. दुपारी आत पाय ठेववत नसे. संध्याकाळी छप्पर सरकवले, तरी तापलेल्या खोलीतून गरम हवेच्या लाटा वर निघत आणि दुर्बिणीतला तारा चुलीवरच्या वाफेतून पाहावा तसा लटलट कापे. म्हणून मी भिंतींना आणि छताला आतून थर्माकोल चिकटवला. फटींत डांबर भरले, दाराच्या कडेला रबरी पट्टी ठोकली, खिळ्यांची भोके लांबीने बुजवली. मुंगीला शिरायला वाट ठेवली नाही. मृग लागायच्या आदल्या दिवशी छप्पर ओढून घेतले, वर ताडपत्री बांधली, आणि कुलूप लावून किल्ली देवघरात ठेवली.

त्या पावसाळ्यात पोराचा दर रविवारी फोन येई. इकडचे तिकडचे बोलून झाले की शेवटचा प्रश्न ठरलेला, "आरसा कसा हाये?" आणि माझे उत्तरही ठरलेले, "ठणठणीत आहे." मी काही आरसा पाहिलेला नसे. भर पावसात दार उघडले तर ओल आत शिरेल, या धास्तीने मी त्या बाजूला फिरकत नव्हतो. मी कादंबऱ्या लिहितो. न घडलेले सांगणे हा माझा धंदाच आहे. पण 'ठणठणीत' हा माझ्या हातून झालेला सर्वांत वाईट संवाद असेल.

दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी दुर्बीण बाहेर काढावी म्हणून कुलूप उघडले. दार उघडताच जो वास आला, तो आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. भाद्रपदात ट्रंकेतली गोधडी काढली की येतो, तोच. थर्माकोलच्या एका पाटीला बोट लावले, ती गळून पडली, आणि तिच्यामागून पाण्याचा ओघळ आला. नळीचे झाकण काढून विजेरीचा उजेड टाकला. आरशावर पांढरट, नाजूक, केसांच्या जाळ्यासारख्या रेघा पसरल्या होत्या. बुरशी! कोळ्याने रांगोळी काढावी तशी. आणि दिसायला, खरे सांगतो, सुंदर होती.

मी मटकन खाली बसलो. पाऊस तर एक थेंबही आत आला नव्हता. मग एवढे पाणी आले कुठून?

हे कोडे मला दोघांनी उलगडून दिले. पहिले आमचे सुतारकाका. त्यांनी खोलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गुरुजी, हे खोली नाही, तुम्ही भाकरीचा डबा केला. गरम भाकर डब्यात घालून झाकण लावलं, का तिले आपोआपच पाणी सुटते. वरून कोणी ओतत नाही."

काकांच्या डब्याचा मी नंतर हिशेब मांडला. ३० अंश उष्ण हवेच्या एका घनमीटरमध्ये फार तर सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. तीच हवा २० अंशांवर आली, की १७ ग्रॅमच मावते. उरलेल्या १३ ग्रॅमचे पाणी होते. माझ्या खोलीत साधारण पावणेतेरा घनमीटर हवा. म्हणजे बाष्पाने काठोकाठ भरलेली ती हवा तेवढी थंड झाली, तर जवळजवळ पेलाभर पाणी खोलीतच तयार! पत्रा तर पावसाच्या सरीने गारठतो. उघडीप असलेल्या रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. थर्माकोलच्या सांध्यांतून मागे गेलेली दमट हवा तिथेच घामेजत होती. आणि हा पेला रोज भरून द्यायला खाली जमीन होतीच. मी काळ्या मातीवर नुसती फरशी अंथरली होती. ती माती पावसाळाभर ओल पिते आणि सावकाश वर सोडते. तिला आत यायला फरशीचे सांधे होते, बाहेर जायला मी फट ठेवली नव्हती.

दुसरी उलगडा करणारी म्हणजे सौ. ती म्हणाली, "अहो, आईंनी सांगितलेली पेवाची गोष्ट तुम्हीच ना मुलांना सांगता?"

माझी आजी सांगे, तिच्या माहेरी ज्वारीचे पेव होते. कठीण मुरमात खणलेले, आतून कडबा लावलेले. ज्वारी कडक उन्हात वाळवून, दाताखाली कट्‌कन फुटते ना हे पाहून मगच आत घालायची आणि तोंड लिंपून टाकायचे. त्यात वर्षभर दाण्याला कीड लागत नसे. पेव उघडले, की कुणी लगेच आत उतरत नसे. आतली हवा विषारी झालेली असे, म्हणून आधी कंदील सोडून पाहत. ही गोष्ट आईने आजीकडून ऐकली, सौ.ने आईकडून. पण आजीचे राहते घर मात्र धाब्याचे. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचाच थर, आणि छताला मधोमध झरोका. उन्हाळ्यात ते गार राही, पण तो झरोका कुणी कधी बुजवला नाही. पेव बंद, घर उघडे. आणि दोन्ही कोरडी. आजी शाळेत गेलेली नव्हती. पण कोरडे असेल तेवढेच बंद करावे आणि ज्यात ओल येणार त्याला श्वास घेऊ द्यावा, हा नियम तिच्या घरात रोज पाळला जात होता. मी ओल आत ठेवून दार लावले होते.

त्या दिवाळीत पोर गावी आले. चपला काढण्याआधीच परसाकडे निघाले. मी म्हणालो, "थांब. आधी ऐक." आणि सगळे सांगितले, रविवारच्या 'ठणठणीत'सकट. वर्गात फळ्यापुढे उभे राहून चूक कबूल करणाऱ्या पोरांकडे मी वर्षानुवर्षे ज्या चेहऱ्याने पाहत आलो, तो चेहरा आता समोर पाहायची पाळी माझी होती. पण तो तसा नव्हताच. तो एवढेच म्हणाला, "तव्हाच सांगतलं असतं, तर मी आलो असतो ना गुरुजी. बुरशी पयल्या महिन्यात धुतली जाते."

हे मात्र मला सुतारकाकांच्या डब्यापेक्षा जास्त लागले.

आम्ही आरसा पाण्याच्या धारेखाली धरला, साबणाच्या फेसात भिजवलेल्या कापसाने, दाब न देता, एकेक पुसट फटकारा मारत धुतला, आणि शेवटी शुद्ध केलेले पाणी त्यावरून सोडले. जाळे गेले. त्याच्या मुळांचे डाग मुलाम्यावर राहिले. मुलामा पुन्हा चढवून आणावा लागला. काच मात्र शाबूत होती.

पुढच्या उन्हाळ्यात तो आठ दिवसांची रजा काढून आला आणि आम्ही खोली पुन्हा बांधली. काळी माती उपसून टाकली, कारण ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. दुर्बिणीचा खांब खालच्या मुरमात रोवला आणि फरशीपासून बोटभर सुटा ठेवला, म्हणजे चालणाऱ्याच्या पावलाने तारा हलत नाही. मुरूम धुम्मस करून त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, वर काँक्रीट. आता जमिनीची ओल जमिनीतच राहते. छप्पर दुहेरी केले. वर पांढरा रंग दिलेला पत्रा, चार बोटे मोकळी जागा, खाली प्लायवूड. ऊन वरच्या पत्र्यावर थांबते, मधली हवा वाहती राहून त्याची धग घेऊन जाते. भिंतींत खाली आणि वर झडपा ठेवल्या, त्यांना जाळी लावली. नाहीतर गांधीलमाश्या भाडे न देता राहायला येतात. उंच जोते आणि लांब पागोळी. संध्याकाळी आतली हवा आणि बाहेरची हवा आता एक होते, आणि तारा स्थिर दिसतो.

आणि पेव? ते आता पत्र्याचा एक घट्ट झाकणाचा डबा आहे. मृगाच्या आधी, कोरड्या कडक दुपारी, आरसा त्यात जातो. सोबत मलमलीच्या पुरचुंडीत सिलिका जेलचे खडे. कोरडे असताना निळे, ओल प्याले की गुलाबी. २०२० सालच्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, ती करणी खारट पाण्यातल्या सूक्ष्म जीवांची होती. इथला गुलाबी रंग नुसती ओलीची वर्दी. मग खडे तव्यावर भाजून पुन्हा निळे करायचे. त्या खड्यांतला रंग पोटात जाण्याजोगा नसतो, म्हणून तवा वेगळा. सौ.ने त्यावर खिळ्याने फुली कोरून ठेवली आहे.

हे सगळे करूनही चार महिने आकाश आम्हाला मिळत नाही. पण त्याचे वाईट वाटत नाही. पुण्याजवळ गिरवलीला २००६ साली सुरू झालेली, दोन मीटर आरशाची मोठी दुर्बीणही पावसाळ्यात डोळे मिटूनच असते. पुण्यातच १८८८ साली नायगमवाला नावाच्या प्राध्यापकांनी उभारलेल्या वेधशाळेतली वीस इंची दुर्बीण, ते १९१२ साली निवृत्त झाल्यावर, कोडाईकनालला गेली. दुर्बिणी टिकतात त्या त्यांना सांभाळणाऱ्या माणसांमुळे, आणि एकाचे हात थकले की दुसऱ्याच्या हाती गेल्यामुळे.

यंदाच्या दसऱ्याला डबा उघडला, तेव्हा खडे निळे होते. आरशात मला माझा चेहरा दिसला. खोलगट आरशात दिसतो तसा, अवाढव्य आणि जरासा हास्यास्पद. रविवारी फोन आला. "आरसा कसा हाये?"

"एका कडेला नखाएवढा डाग दिसतो आहे," मी म्हणालो. "धूळ असेल, नाहीतर आणखी काही. तू आल्यावर पाहू."

लक्ष्मीपूजनाची रात्र अवसेची. पणत्या विझल्या, की गावावरचे आकाश काळेभोर होते आणि देवयानीची दीर्घिका डोक्यावर येते. तो प्रकाश तिथून निघाला त्याला २५ लाख वर्षे झाली. लोणारचा खड्डा तेव्हा पडायचाच होता. तो उद्या सकाळच्या गाडीने येतो आहे. सौ.ने कोपऱ्यातले सरपण, यंदा तेवढ्यापुरते, हलवले आहे.