मीठ खाते

बार्शीच्या भुसार बाजारातील एका जुन्या अडत दुकानाच्या कीर्दीत १९८९ सालापासून दर महिन्याला एक नोंद सापडते. ‘घरखर्च, मीठ’ असे तिचे शीर्षक. रक्कम फार मोठी नाही. पण सात माणसांच्या घरात एवढे मीठ लागते कशाला, असा प्रश्न नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येक दिवाणजीला पडे. जुन्यांना तो पडत नसे. हे मीठ स्वयंपाकघरात जात नाही, माडीवरच्या लाकडी कपाटात जाते आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की धाकट्या शेठजींच्या तळहातावर येते, हे त्यांना ठाऊक होते.

ती नोंद थोरल्या भावाच्या हातची. लिथियम कार्बोनेट हा एक क्षार आहे, साध्या मिठाच्याच जातीचा, असे सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितले होते. थोरल्यांना वहीत खोटे लिहायचे नव्हते आणि खरे लिहिण्याचे धैर्य होत नव्हते. क्षार म्हणजे मीठ, एवढ्या आधारावर त्यांनी खाते उघडले. व्यापारी माणसाची सचोटी कधी कधी अशा चिंचोळ्या वाटेवरूनही चालते.

आजार उघडकीस आला तो १९८८ च्या दिवाळीनंतर. धाकटे तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. आठ दिवस त्यांना झोप नव्हती आणि झोपेची गरजही वाटत नव्हती. बोलणे एवढे वेगवान की हमालही हसत. नव्या तुरीचा भाव दुप्पट होणार, अशी त्यांची खात्री झाली होती. त्या खात्रीच्या बळावर त्यांनी लातूरला रात्रीतून दोन खेपा केल्या आणि साठवायला गोदाम नसताना चारशे पोत्यांचा सौदा नुसत्या शब्दावर केला. थोरल्यांनी तो शब्द पाळला. भाव पडला, आणि ती तूट भरून निघायला तीन वर्षे लागली. पण पैशाची तूट वहीत मांडता तरी येते. पुढच्या चार महिन्यांत तोच धाकटा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, तेव्हा विहिरीच्या रहाटाचा दोर काढून ठेवावा की काय, याचा विचार थोरल्यांनी कोणाजवळ बोलून दाखवला नाही. भाभींनी तो दोर स्वतःच काढून ठेवला होता, हे त्यांना पुष्कळ वर्षांनी कळले.

उन्माद आणि अवसाद यांच्या या आलटून पालटून येणाऱ्या आजारावर लिथियम कसे लागू पडले, ती हकिगत मोठी विलक्षण आहे. हे मूलद्रव्य १८१७ साली स्वीडनमध्ये योहान आर्फवेडसन याने एका खनिजात शोधले; दगडात सापडले म्हणून ग्रीक भाषेतील दगडाच्या नावावरून त्याचे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात ते संधिवातावर देत. अमेरिकेत तर सेव्हन-अप या पेयात १९४८ पर्यंत लिथियमचा क्षार असे. मात्र मनोविकारावरील त्याचा खरा उपयोग जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरच्या हातून सिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात केड साडेतीन वर्षे जपान्यांच्या कैदेत सिंगापूरच्या चांगी येथे होता. परतल्यावर मेलबर्नजवळच्या एका मनोरुग्णालयात, वापरात नसलेल्या एका कोठीच्या खोलीत त्याने प्रयोग मांडले. ते गिनीपिगवर होते. मुक्या जिवांवरील प्रयोगांचे ज्यांना दुःख होते त्यांना हा भाग खटकेल, आणि तो खटकणे योग्यच आहे. लिथियम टोचल्यावर ते प्राणी सुस्त झाले, यावरून केडने जो निष्कर्ष काढला तो बहुधा चुकीचा होता. सुस्ती विषबाधेची असण्याचाच संभव अधिक. परंतु त्याने पुढे केले ते महत्त्वाचे. रुग्णाला देण्यापूर्वी त्याने ते औषध स्वतः घेऊन पाहिले.

मार्च १९४८ मध्ये त्याने पहिल्या रुग्णाला लिथियम दिले. एकावन्न वर्षांचा तो गृहस्थ पाच वर्षे अखंड उन्मादात होता. जुलैमध्ये तो घरी गेला आणि पूर्वीच्या नोकरीवर रुजू झाला. ३ सप्टेंबर १९४९ रोजी केडचा लेख प्रसिद्ध झाला. मनोविकारांच्या आधुनिक औषधोपचाराचा आरंभ पुष्कळजण तेथूनच मानतात. परंतु त्या पहिल्या रुग्णाने पुढे गोळ्या सोडल्या, आजार उलटला, औषध पुन्हा सुरू झाले आणि १९५० साली तो लिथियमच्याच विषबाधेने मरण पावला. केडच्या यशाची गोष्ट सांगणारे बहुधा येथवर येत नाहीत.

त्याच १९४९ साली अमेरिकेत आणखी एक प्रकार घडला. मीठ वर्ज्य केलेल्या हृदयरुग्णांना चवीसाठी मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकले जात होते. त्यातून विषबाधा झाल्या, काही माणसे दगावली आणि सरकारला ते बाजारातून काढावे लागले. याचे कारण मूत्रपिंडाच्या कामात आहे. सोडियम आणि लिथियम यांतला भेद मूत्रपिंडाला नीटसा ओळखता येत नाही. एकाच नावाच्या दोन खातेदारांपैकी एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा व्हावी, तसे होते. अंगात मीठ कमी पडले की मूत्रपिंड ते बाहेर जाऊ न देता परत ओढून घेते, आणि त्याबरोबर लिथियमही परत येते. बाहेर पडायला हवे ते साचत जाते. पाणी कमी प्याले, घाम फार गेला, तरी तेच. रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल असेल तर ते औषध. दीडच्या पुढे गेले की तेच विष. औषध आणि विष यांच्यात एवढे कमी अंतर असणारी औषधे थोडीच.

अडत दुकानाच्या माडीवर यातले काहीच कोणाला ठाऊक नव्हते. चौदा वर्षे सगळे सुरळीत चालले होते. धाकट्यांचे लग्न झाले नाही, पण दुकानाचा खरेदीचा व्यवहार त्यांनी असा सांभाळला की बाजारात त्यांच्या तोलाला नाव ठेवायला जागा नव्हती. २००३ च्या चैत्रात गावात साध्वीजींचे वास्तव्य होते. धाकट्यांनी ओळीची नऊ आयंबिले करण्याचे पच्चक्खाण घेतले. घरच्या रिवाजाप्रमाणे आयंबिल अळणी. दिवसातून एकदा, एका बैठकीत, तेल, तूप, दूध, गूळ, मसाला काही नसलेले धान्य. उकळून गार केलेले पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. बाहेर बार्शीचा उन्हाळा. गोळी मात्र नियमाप्रमाणे चालू, कारण ती सोडायची नाही असे डॉक्टरांनी बजावले होते.

चौथ्या दिवशी हात कापू लागले. तपाचा अशक्तपणा, असे सगळ्यांनी मानले. पाचव्या दिवशी जुलाब झाले, चालताना तोल जाऊ लागला. सहाव्या दिवशी सकाळी त्यांचे बोलणे जड झाले आणि पुतण्याचे नाव त्यांना आठवेना. सोलापूरला नेले तेव्हा रक्तातील लिथियम २.३ होते. गोळी बंद करून सलाईन लावले. डायलिसिसची वेळ थोडक्यात टळली. चौथ्या दिवशी ते दुकानातल्या तुरीचा भाव विचारू लागले, तेव्हा थोरले रुग्णालयाच्या जिन्यात बसून लहान मुलासारखे रडले.

दोष कोणाचा? डॉक्टरांनी उपवासाबद्दल कधी विचारले नव्हते. साध्वीजींना आजाराची कल्पना कोणी दिली नव्हती. ज्यांच्याकडून सल्ला मिळायचा त्या दोन्ही ठिकाणी घरच्यांनी अर्धीच माहिती पोचवली होती, कारण अर्धी माहिती हीच घराची अब्रू होती. पुढे साध्वीजींना सारे सांगितले, तेव्हा त्यांनी धाकट्यांना अनशनाऐवजी दिवसाच्या पदार्थांची संख्या मर्यादित ठेवण्याचा नियम दिला. तो ते आजही पाळतात. दर चैत्रात आयंबिल करणाऱ्यांना वाढायला मात्र ते पहिल्या पंगतीपासून उभे असतात.

लिथियम हे खाणीतून निघणारे मूलद्रव्य. त्यावर पेटंट कोणाला मिळणार? त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी त्याची फारशी जाहिरात केली नाही, त्यावरचे संशोधनही रखडत चालले. मोगेन्स शू हा डॅनिश डॉक्टर चिकाटीने मागे लागला म्हणून ते तरले. त्याच्या सख्ख्या भावालाही मनोविकाराचा त्रास होता. तरीही अमेरिकेत औषध म्हणून परवानगी मिळायला १९७० साल उजाडले. केडच्या लेखानंतर एकवीस वर्षांनी! नफा नसलेला माल पेठेत किती उशिरा पोचतो, याचे याहून ठळक उदाहरण व्यापाऱ्याला सांगायला नको.

अलीकडे मात्र त्याच्याकडे पुन्हा लक्ष वळले आहे. लिथियम काहींना लागू पडते, काहींना मुळीच नाही, हे कोडे जुने. अमेरिकेतील साल्क संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली मोजक्या रुग्णांच्या त्वचेतील पेशींपासून प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी तयार केल्या. सर्व रुग्णांच्या पेशी वाजवीपेक्षा अधिक उत्तेजित होत्या. पण लिथियम घातल्यावर शांत झाल्या त्या फक्त ज्यांना प्रत्यक्षात या औषधाने गुण येत होता त्यांच्या. बंगळुरूच्या निम्हान्समध्येही एकाच कुटुंबात अनेकांना मनोविकार असलेल्या घरांतील व्यक्तींच्या पेशी अशाच रीतीने अभ्यासल्या जात आहेत. केडच्या कोठीच्या खोलीपासून हा मार्ग फार दूर आला आहे. प्राण्यांऐवजी अशा पद्धतींनी औषधे तपासण्याची वाट अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायद्याने मोकळी केली, भारताने २०२३ साली नियमांत दुरुस्ती करून. प्राण्यांवरील प्रयोग त्यामुळे थांबलेले नाहीत. पण ते अनिवार्यच आहेत, असे आता कोणाला म्हणता येणार नाही.

आत्महत्येच्या बाबतीत पुरावा दुहेरी आहे. ४८ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१३ साली झाला, त्यात लिथियम घेणाऱ्यांत आत्महत्या कमी आढळल्या. अमेरिकेतील माजी सैनिकांवरच्या एका मोठ्या चाचणीत मात्र तसा लाभ दिसला नाही, आणि ती मध्येच थांबवावी लागली. भाभींना हे आकडे कोणी सांगितले नाहीत. त्यांनी रहाटाचा दोर परत कधी लावला, एवढे त्यांना आठवते.

ऑगस्ट २०२५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा शोधनिबंध आला, आणि बाजारात लिथियमचे नाव अचानक सर्वतोमुखी झाले. स्मृतिभ्रंशाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतच मेंदूतील नैसर्गिक लिथियम घटलेले असते, असे त्यात आढळले. उंदरांना अत्यल्प मात्रेत लिथियम ऑरोटेट दिल्यावर त्यांची स्मृती सुधारली. माणसांवर ते सिद्ध व्हायचे आहे. पण मोबाइलवरच्या निरोपांना तेवढा धीर कुठला! शेजारच्या पेढीवरील एका वयस्क शेठजींनी ‘स्मरणशक्तीची ती नवी गोळी’ परदेशातून मागवण्याचा विचार बोलून दाखवला. ते रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी घेतात आणि गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक. या दोन्हींनी रक्तातील लिथियम वाढू शकते. धाकट्या शेठजींनी त्यांना हे सांगितले. तुम्हाला कसे ठाऊक, असे त्यांनी विचारले.

सदतीस वर्षांत प्रथमच धाकट्यांनी दुकानाच्या गादीवर बसून उत्तर दिले, “मी रोज घेतो म्हणून.”

ते आता त्रेसष्ट वर्षांचे आहेत. इतक्या वर्षांच्या लिथियमने मूत्रपिंडे थकली आहेत, थायरॉइडची गोळी वेगळी चालू आहे. औषध बदलावे का, यावर दोन डॉक्टरांशी दीर्घ चर्चा झाली. मात्रा कमी करून, दर तीन महिन्यांनी रक्त तपासत पुढे जायचे ठरले. सायंकाळी सहाला गोळी, बारा तासांनी सकाळी सहाला रक्त. थोरले आज नाहीत. हिशेब पुतण्या संगणकावर ठेवतो. २०१७ च्या कायद्याने मनोविकारालाही इतर आजारांप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले, तेव्हा अर्जात काकांच्या आजाराचे नाव त्यानेच स्पष्ट लिहिले आणि ‘मीठ’ हे खाते बंद करून रक्कम ‘औषध’ खात्यात वर्ग केली.

यंदा दिवाळीनंतर पुतण्याच्या मुलीचे लग्न जुळत आले. घरात काही आजार आहे का, असे मुलाकडून विचारणे आले. इतक्या दूरच्या नात्यात धोका सर्वसाधारण माणसाहून फारसा अधिक नसतो, तेव्हा सांगायची गरज नाही, असे घरातल्या बहुतेकांचे मत पडले. धाकट्या शेठजींनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः मुलाच्या वडिलांना भेटायला पुण्याला गेले. जाताना तपासणीच्या कागदांची जुनी पिशवी त्यांनी बरोबर घेतली होती.

आठ दिवस काही कळले नाही. नवव्या दिवशी फोन आला: साखरपुड्याचा मुहूर्त काढा. फोन ठेवण्यापूर्वी त्या गृहस्थांनी सोलापूरच्या डॉक्टरांचा नंबर मागितला. कोणासाठी, ते त्यांनी सांगितले नाही आणि धाकट्यांनी विचारले नाही. फक्त नंबर दोनदा सावकाश सांगितला.