औषधाची घंटा

आमच्या तीर्थरूपांस सकाळी ८ व रात्री ८ अशी दोन वेळा गोळी घ्यावी लागते, आणि ती विसरण्याचा आपला हक्क ते मोठ्या निष्ठेने बजावीत असतात. आठवण देण्याचे काम माणसाकडे असले की त्यातून बोलाचाली होते. सबब ते यंत्राकडे सोपवावे म्हणून आम्ही बाजारातून आर्डुइनो ऊनोची पाटी व एक पिझो बझर घेऊन आलो. या बझरात सिरॅमिकची पातळ चकती असते. विजेचा दाब बदलला की ती वाकते, सरळ होते आणि नाद करते. तिची भूक इतकी अल्प की तिला पाटीच्या पिनेशी थेट जोडले तरी चालते.

पहिल्याच सकाळी ती सेकंदास ४००० कंपनांनी किंचाळली. स्वयंपाकघरातून मंडळी कानांवर हात ठेवून धावत आली. तीर्थरूप मात्र वर्तमानपत्र वाचीत स्वस्थ! "काय रे, तुझं यंत्र वाजणार केव्हा?" असे त्यांनीच विचारले, तेव्हा आमच्या ध्यानात आले की, गेले वर्षभर आमच्या बोलण्यावर ते मान डोलावीत होते ती संमती नव्हती.

उतारवयात कान प्रथम उंच स्वर गमावितो. चकतीस ६०० कंपनांवर उतरविले, तर तिचा आवाज डासासारखा क्षीण झाला. मग जुन्या रेडिओतील ८ ओहमचा छोटा स्पीकर काढून उतावळेपणाने थेट पिनेस जोडला. ५ व्होल्टांस ८ ने भागिले असते तर कळते, की ही मागणी ६०० मिलिअँपियरांवर जाते. पिनेची कमाल मर्यादा ४०! हे गणित शाळकरी पोरासही येते. आम्हांस ते पिन कायमची मुकी झाल्यावर आले.

दुसऱ्या पिनेस १००० ओहमच्या रोधामार्फत ट्रान्झिस्टर जोडला. आता पिनेने सुमारे ४ मिलिअँपियरांची खूण करावयाची. स्पीकरचा भार थेट पुरवठ्याने, ट्रान्झिस्टरमार्फत, वाहावयाचा. स्पीकरच्या वाटेत ३३ ओहमचा रोध, आणि प्रवाह तुटताच वेटोळे जो उलटा झटका मारते त्यासाठी उलट दिशेने एक डायोड.

रात्री ८ वाजता जाडाभरडा आवाज निघाला. तीर्थरूपांनी चष्म्यावरून पाहिले. "केवढ्यानं ओरडतोय तो! जरा हळू कर."

आम्ही काहीच बदलले नाही. पाण्याचा पेला तेवढा पुढे केला.